दर्शनी घटक आणि फ्रेमवर्कांच्या हद्दी : एक आढावा

सुरतेच्या रिंग रोडवरील कापडबाजारात, वराछा आणि कतारगामच्या हिऱ्यांच्या पेढ्यांत, तसेच उधना-पांडेसऱ्याच्या कारखान्यांत मालाच्या नोंदीचे व हिशेबाचे जे काम आज ब्राउझरमधून चालते, त्यातले पुष्कळसे याच शहरातील लहान संगणक-पेढ्यांनी रचून दिलेले आहे. अशा पेढीत माणसे थोडी, गिऱ्हाइके अनेक, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचे काम ज्या काळी आले त्या काळी जे साधन प्रचारात होते त्यातच ते केलेले, असा सर्वसाधारण प्रकार असतो. परिणामी दहाबारा वर्षे टिकून राहिलेल्या पेढीच्या दफ्तरी एक काम जे-क्वेरीत, दुसरे अँग्युलरमध्ये, तिसरे व्ह्यूमध्ये आणि अगदी अलीकडचे रिॲक्टमध्ये, अशी चार पिढ्यांची सामग्री साठत जाते; आणि मेहताजी ज्या खणांत ताक्यांची संख्या व मीटर भरतो ते खण कामापुरते एकच असूनही चारदा निरनिराळे लिहिलेले आढळतात. एकदा लिहिलेला असा दर्शनी घटक, ज्याला या व्यवसायातील लोक कंपोनंट म्हणतात, एका फ्रेमवर्कातून, म्हणजे वर सांगितलेल्यांसारख्या एका साधनातून, दुसऱ्यात जसाच्या तसा नेता येईल काय, आणि येत असेल तर कोणत्या अटींवर, या प्रश्नाला गेल्या पंधरा वर्षांत जी उत्तरे दिली गेली त्यांचा विचार येथे करावयाचा आहे. मोठ्या कंपनीला पुनर्लेखनाचा खर्च सोसतो, लहान पेढीला तो सोसत नाही. या सबबीवर सुरतेसारख्या शहराने या प्रश्नाकडे इतरांपेक्षा अधिक लक्ष द्यावे असे मला मनापासून वाटते.

ताका-मीटरचा तो खण वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु तो जवळून पाहावा. मेहताजीचा डावा हात चलनावर आणि उजवा हात कळफलकाच्या अंकांच्या भागावर असतो, नजर पडद्याकडे क्वचितच वळते, आणि एक आकडा भरून झाला की तो एंटर दाबतो. कारण टॅलीने आणि त्यापूर्वीच्या डॉसवरील प्रोग्रामांनी एंटर दाबून पुढच्या खणात जाण्याची सवय त्याच्या बोटांना लावून ठेवलेली आहे. ब्राउझरचा कायदा मात्र निराळा: तेथे मजकुराच्या खणात एंटर दाबले की बहुधा सबंध फॉर्मच रवाना होतो, म्हणजे बारा ताक्यांपैकी तिसऱ्याचे मीटर भरताच अर्धे चलन दाखल होऊन बसते. तेव्हा खणाने एंटर अडवावे, लक्ष पुढच्या खणाकडे न्यावे, शेवटच्या खणानंतर नवी ओळ उघडावी, रिकाम्या ओळीवर एंटर आले तर बेरीज मांडून थांबावे, ताक्याची लांबी नेहमीच्या मर्यादेबाहेर गेली तर हटकावे पण अडवू नये, रकमेतले स्वल्पविराम लाख-कोटींच्या हिशेबाने घालावेत, अशी एकेक शर्त वापरातून, गिऱ्हाइकाच्या तक्रारींतून आणि फसलेल्या नोंदींतून त्या खणात जमा झालेली असते. फ्रेमवर्क बदलले की खणाचे रूप एका दिवसात पुन्हा उभे राहते. या शर्ती मात्र कोठेही लिहून ठेवलेल्या नसल्यामुळे एकेक करून गळतात, आणि मेहताजीला त्या पुन्हा एकेक करून मागून घ्याव्या लागतात. पुनर्वापराचा प्रश्न मुख्यतः या संचित व्यवहारज्ञानाचा आहे, टंकलेखनाचे श्रम वाचविण्याचा त्या मानाने फारच थोडा.

जॉन रेसिग यांनी २००६ मध्ये जे-क्वेरी प्रसिद्ध केली तेव्हा हा प्रश्न आजच्या तीव्रतेने अस्तित्वातच नव्हता. पानावर आधीपासून असलेला एखादा खण उचलावयाचा आणि त्याला वागणूक शिकवावयाची, एवढीच त्या काळच्या घटकाची व्याप्ती असे. पानाची सद्यःस्थिती पानावरच नांदत असे, आणि दोन फाइली उतरवून घेतल्या की एका संकेतस्थळावरील दिनदर्शिका दुसऱ्यावर बिनतक्रार चालू लागे. पाने मोठी झाली, एकाच आकड्याचे प्रतिबिंब दहा ठिकाणी उमटू लागले, आणि कोणता आकडा खरा याचा पत्ता लागेनासा झाला, तेव्हा २०१० मध्ये अँग्युलर-जेएस, २०१३ च्या मे महिन्यात फेसबुकने खुले केलेले रिॲक्ट, २०१४ मध्ये इव्हान यू यांचे व्ह्यू आणि २०१६ मध्ये रिच हॅरिस यांचे स्वेल्ट अशी साधने एकामागून एक पुढे आली. या सर्वांनी एक गोष्ट समान केली: सद्यःस्थितीचा कारभार पानाकडून काढून स्वतःच्या अखत्यारीत घेतला, आणि पान हे त्या स्थितीतून निष्पन्न होणारे फलित ठरविले. कारभाराची पद्धत मात्र प्रत्येकाची वेगळी. रिॲक्टमध्ये घटक म्हणजे एक फलन. स्थिती बदलली की रिॲक्ट ते पुन्हा चालवते, त्यातून निघालेले वर्णन मागच्या वर्णनाशी ताडून पाहते आणि फरकापुरते पान दुरुस्त करते. व्ह्यू कोणता आकडा कोणी वाचला याची नोंद ठेवते आणि बदल झाला की त्या वाचकांनाच जागे करते. स्वेल्ट हा सर्व बंदोबस्त आधीच, प्रोग्राम ब्राउझरकडे जाण्यापूर्वी, भाषांतर करतानाच उरकून घेते.

यावरून घटक का हलत नाही हे ध्यानात येईल. रिॲक्टचा घटक स्वतः काहीच करीत नाही; त्याला बोलावणारे, त्याची मागची स्थिती जपून ठेवणारे आणि त्याच्या उत्तराचा अर्थ लावणारे रिॲक्टच असते, आणि ते नसेल तर त्या फलनाला कोणी विचारत नाही. तो घटक व्ह्यूच्या पानात न्यावयाचा तर रिॲक्टही त्याच्यासोबत न्यावे लागते. तसे करता येते, आणि निकडीच्या वेळी लोक करतातही, परंतु मग एका पानावर दोन अंमल सुरू होतात, वजन वाढते, आणि एकाच्या हद्दीतली माहिती दुसऱ्याच्या हद्दीत पोचविण्यासाठी दरवेळी खास हरकारा ठेवावा लागतो. एकाच नावाखालीही ही अडचण सुटलेली नाही. २०१६ च्या सप्टेंबरात आलेले अँग्युलर हे आधीच्या अँग्युलर-जेएसचे वारस म्हणून आले, पण जुने घटक त्याने स्वीकारले नाहीत. आणि जुन्याचा अधिकृत सांभाळ २०२१ च्या अखेरीस संपला. व्ह्यूच्या दुसऱ्या आवृत्तीचा सांभाळ ३१ डिसेंबर २०२३ रोजी थांबला. कापडाच्या पेढीचे सॉफ्टवेअर मात्र इतक्या लवकर बदलले जात नाही.

याच शहरात एक उद्योग असा आहे की ज्याने या स्वरूपाचा प्रश्न आपल्यापुरता सोडविलेला आहे, आणि त्याचे उदाहरण मला फार बोधप्रद वाटते. साड्यांवर संगणकीय भरतकाम करणारी अनेक हेडांची यंत्रे सुरतेत ठिकठिकाणी चालतात. यंत्रे निरनिराळ्या कारखानदारांची, काही जपानी, काही चिनी. तरीही एका पंचिंग करणाऱ्याने तयार केलेले डिझाइन पेनड्राइव्हवर घालून कोणत्याही यंत्राला लावता येते. याचे कारण ताजिमा या जपानी कंपनीची डीएसटी नावाची फाइल सर्वांनीच मान्य केलेली आहे. या फाइलीच्या आरंभी पाचशे बारा बाइटांचे शीर्षक असते, आणि पुढे प्रत्येक टाक्यासाठी तीन बाइट: सुईने आडवे किती जायचे, उभे किती जायचे, टाका घालायचा की नुसतीच उडी मारायची, की धागा बदलण्यासाठी थांबायचे. एका टाक्यात १२.१ मिलिमीटरांपेक्षा अधिक अंतर जाता येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की या फाइलीत रंगाची नोंदच नसते. येथे थांबा एवढेच ती सांगते, पुढचा धागा लाल की सोनेरी हे कारागीर सोबतच्या कागदावरून ठरवितो. म्हणजे डिझाइन सर्वत्र चालते ते त्यात सर्व काही आहे म्हणून चालत नाही. जे प्रत्येक यंत्राला करता येते तेवढेच त्यात ठेवले आणि बाकीचे मुद्दाम बाहेर ठेवले, म्हणून चालते. दर्शनी घटकांच्या पुनर्वापराचे जे जे प्रयत्न झाले त्यांची परीक्षा मी याच कसोटीवर करतो: हद्दीपलीकडे काय पाठविले, आणि काय अलीकडे ठेवले.

या प्रयत्नांत पहिला मान ब्राउझरलाच घटक समजावा या कल्पनेकडे जातो, आणि ती वाटते त्याहून जुनी आहे. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्येच एचटीएमएल कंपोनंट्स नावाचा मसुदा डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेकडे रुजू केला होता. मोझिलाने पुढे एक्सबीएल नावाची स्वतःची पद्धत काढली. दोन्ही आपापल्या ब्राउझरपुरत्या राहिल्या आणि कालांतराने मावळल्या. २०११ मध्ये गूगलचे ॲलेक्स रसेल यांनी वेब कंपोनंट्सची कल्पना जाहीर सभेत मांडली, २०१३ मध्ये गूगलने पॉलिमर हे साधन काढले, २०१४ मध्ये क्रोममध्ये पहिली आवृत्ती आली. पण इतर ब्राउझरांनी ती मान्य केली नाही, आणि सर्वांच्या संमतीने दुरुस्त झालेली दुसरी आवृत्ती २०१६ पासून अमलात येऊ लागली. फायरफॉक्सने ती २०१८ च्या ऑक्टोबरात स्वीकारली, आणि २०२० च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझर क्रोमच्या पायावर उभा राहिल्यावर ती सार्वत्रिक झाली. या योजनेची अंगे मुख्यतः दोन: कस्टम एलिमेंट, म्हणजे आपण नाव दिलेला नवा टॅग, ज्याचे वर्तन ब्राउझर स्वतः चालवितो, आणि शॅडो डॉम, म्हणजे त्या टॅगच्या पोटातील असा भाग की जेथे बाहेरच्या पानाची सजावट शिरत नाही आणि आतली बाहेर सांडत नाही. टॅगचे नाव पान वाचताना ब्राउझरलाच कळत असल्यामुळे त्याला बोलावणारा रिॲक्ट आहे की व्ह्यू याच्याशी त्याला कर्तव्य उरत नाही.

कल्पना इतकी योग्य असूनही तिला दहा वर्षे घासाघीस का करावी लागली, हे समजून घेतल्याखेरीज तिच्या गुणाची खरी किंमत कळावयाची नाही. पहिली अडचण रिॲक्टची. रिॲक्ट अशा टॅगकडे जे काही पाठवी ते मजकूर करून पाठवी. आकडा किंवा शब्द असेल तर हरकत नसे, पण बारा ताक्यांची यादी पाठविली की ती पलीकडे निरर्थक अक्षरे होऊन पोचे. आणि टॅगने स्वतःच्या नावाने दिलेली हाक रिॲक्टला सरळ ऐकू येत नसे. सर्वांत प्रचलित फ्रेमवर्कच असे वागत असता इतरांनी या मार्गाने जावे कसे? २०२४ च्या डिसेंबरात आलेल्या रिॲक्टच्या एकोणिसाव्या आवृत्तीने ही उणीव भरून काढली, आणि या घटनेचे महत्त्व ज्या प्रमाणात ओळखले जावयास हवे होते त्या प्रमाणात ते ओळखले गेलेले नाही असे माझे मत आहे. दुसरी अडचण फॉर्मची: शॅडो डॉमच्या आत ठेवलेला खण बाहेरच्या फॉर्मला दिसत नसे, म्हणून चलन रवाना झाले तरी त्यातले मीटर मागेच राहत. एलिमेंट-इंटर्नल्स नावाच्या तजविजीने टॅगला आपले मूल्य फॉर्मकडे स्वतः रुजू करण्याची मुभा मिळाली. क्रोमने ती २०१९ मध्ये, फायरफॉक्सने २०२२ मध्ये आणि सफारीने २०२३ च्या मार्चमध्ये दिली. तिसरी, सर्व्हरवरच पान तयार करून पाठविण्याची. तिच्यासाठी लागणारी सोय फायरफॉक्समध्ये २०२४ च्या फेब्रुवारीत येऊन सर्वत्र पूर्ण झाली. थोडक्यात, ज्याने २०१८ मध्ये हा मार्ग अजमावून सोडून दिला त्याचा निर्णय त्या वेळी बरोबर होता, आणि आज त्याने तो पुन्हा तपासून पाहावयास हरकत नाही.

व्यवहारात या मार्गाने गेलेल्यांपैकी आयोनिकचा दाखला सर्वांत बोलका आहे. अमेरिकेतल्या या साधनाने २०१३ मध्ये अँग्युलर-जेएसच्या भरवशावर आपले घटक बांधले, आणि तो आधारच बदलल्यावर सर्व घटक नव्या अँग्युलरमध्ये पुन्हा लिहिण्याची पाळी त्याच्या कर्त्यांवर आली. तेव्हा त्यांनी स्टेन्सिल नावाचे स्वतःचे भाषांतरयंत्र काढले, आणि २०१९ च्या जानेवारीत चौथ्या आवृत्तीत सर्व घटक वेब कंपोनंट करून टाकले. त्याच वर्षी रिॲक्टसाठी आणि पुढील वर्षी व्ह्यूसाठी तेच घटक उपलब्ध झाले. येथे एक बारकावा आहे. तोच टॅग सर्वांना देऊन ते थांबले नाहीत. प्रत्येक फ्रेमवर्कासाठी एक पातळ वेष्टनही स्टेन्सिलकडून आपोआप तयार करवून घेतले, जेणेकरून रिॲक्टच्या माणसाला ते रिॲक्टचेच वाटावे. सेल्सफोर्सने २०१९ मध्ये आपली आधीची ऑरा ही पद्धत बाजूस ठेवून याच पायावर नवी इमारत उभारली, आणि एसएपीनेही आपले घटक या रूपात दिले. उलट बाजूचाही दाखला द्यावयास हवा: गूगलने आपल्या मटेरियल रचनेचे वेब कंपोनंट २०२४ मध्ये केवळ देखभालीपुरते ठेवले, आणि त्यावर विसंबलेल्यांची पंचाईत झाली. पाया ब्राउझरचा असल्यामुळे तो ढळत नाही. पण त्यावरची इमारत कोणीतरी सांभाळावी लागतेच, आणि सांभाळणारा मोठा आहे एवढ्याने तो कायमचा आहे असे ठरत नाही.

दुसरा मार्ग भाषांतराचा. घटक एकाच मध्यम भाषेत लिहावा आणि यंत्राने त्याची रिॲक्ट, व्ह्यू, स्वेल्ट, अँग्युलर अशी वेगवेगळी रूपे काढून द्यावीत, ही बिल्डर-डॉट-आयओच्या मायटोसिसची कल्पना. ती आकर्षक आहे, पण मध्यम भाषेत तेवढेच बोलता येते जेवढे सर्व फ्रेमवर्कांत समान आहे, आणि पंचिंगच्या फाइलीला शोभणारी ही मर्यादा दर्शनी घटकाला फार लवकर काचू लागते. शिवाय बिघाड झाला की तो आपण लिहिलेल्या मजकुरात शोधायचा की निघालेल्या भाषांतरात, हा घोळ लहान पेढीला झेपण्यासारखा नाही.

तिसरा मार्ग मला सर्वांत अधिक मोलाचा वाटतो. तो रूप मुळीच पाठवीत नाही. केवळ विचार पाठवितो. टॅनर लिन्सली यांचे रिॲक्ट-टेबल हे आरंभी नावाप्रमाणे रिॲक्टपुरते होते. २०२२ च्या आठव्या आवृत्तीत त्यांनी त्यातली वर्गवारी, गाळणी, पानांची विभागणी ही सर्व बुद्धी रिॲक्टपासून सोडविली, तिचे टॅनस्टॅक-टेबल केले, आणि प्रत्येक फ्रेमवर्कासाठी फक्त एक छोटा दुवा ठेवला. चक्रा-यूआयचे कर्ते सेगुन ॲडेबायो यांनी झॅग-जेएसमध्ये तेच तत्त्व यादी, दिनदर्शिका, संवादचौकट अशा घटकांना लावले: घटक कोणत्या अवस्थेत आहे, कोणत्या घटनेने तो कोणत्या अवस्थेत जातो, एवढेच एका अवस्थायंत्रात लिहिलेले असते, आणि ते पडद्यावर कसे दिसावे हे ज्याचे त्याने ठरवावे. कापडावरील धाग्याचा रंग कारागिराकडे सोपविण्याचा हाच प्रकार होय.

आता आपला ताका-मीटरचा खण या दृष्टीने पुन्हा पाहू. त्यातल्या शर्तींपैकी एंटर आल्यावर पुढे कोठे जायचे, रिकाम्या ओळीवर काय करायचे, लांबी संशयास्पद केव्हा मानायची, बेरजेचे पूर्णांकन कसे करायचे, यांपैकी एकाही गोष्टीला रिॲक्टची किंवा व्ह्यूची गरज नाही; त्या साध्या जावास्क्रिप्टच्या एका फाइलीत लिहिता येतात, प्रत्येकीची चाचणी ब्राउझर न उघडता घेता येते, आणि ती फाइल दहा वर्षांनी येणाऱ्या, आज नावही ठाऊक नसलेल्या फ्रेमवर्कातही चालेल. आकड्यांच्या मांडणीचे काम तर ब्राउझरच करून देतो. इंटल-नंबर-फॉरमॅट या त्याच्या सोयीला भारतीय इंग्रजी सांगितले की स्वल्पविराम लाख-कोटींच्या जागी पडतात. मराठी सांगितले की अंकही देवनागरी होतात, १२,३४,५६७ असे. आणि गुजराती सांगितले तर मांडणी तीच राहून अंक मात्र इंग्रजी वळणाचे येतात, गुजराती अंक हवे असल्यास ते वेगळे मागावे लागतात. खानदेशातून येऊन लिंबायत-उधन्यात स्थायिक झालेल्या मराठी मंडळींच्या आणि त्यांच्या गुजराती मालकांच्या पडद्यांवर एकच रक्कम दोन रीतींनी उमटते ती या फरकामुळे, आणि ज्याने हा फरक एकदा एका जागी लिहून ठेवला त्याला तो चार फ्रेमवर्कांत चारदा शोधावा लागत नाही. उलट मी अशा पेढ्यांचे काम पाहिले आहे की जेथे पूर्णांकनाचा नियम रिॲक्टच्या घटकाच्या पोटात, बटणाच्या रंगाशेजारी लिहिलेला होता. तेथे बटणाचा रंग बदलताना हिशेबालाही हात लागतो, आणि तो लागू नये.

आणखी एक मार्ग आहे तो घटक हलविण्याचा नव्हे, सबंध पानाचे तुकडे करून प्रत्येक तुकडा ज्याच्या त्याच्या फ्रेमवर्कात नांदू देण्याचा. मायक्रो-फ्रंटएंड हे त्याचे नाव थॉटवर्क्सच्या २०१६ च्या तंत्रज्ञान-आढाव्यात आले, सिंगल-स्पा आणि २०२० च्या वेबपॅकमधील मॉड्यूल-फेडरेशन ही त्याची साधने झाली, आणि ॲस्ट्रोने तर एकाच पानावर रिॲक्ट, व्ह्यू व स्वेल्ट यांची बेटे शेजारी शेजारी मांडून दाखविली. जेथे शंभर माणसांचे दहा गट एकमेकांची वाट न पाहता काम करू इच्छितात तेथे याचा उपयोग निर्विवाद आहे. सहा माणसांच्या पेढीने मात्र याकडे एकाच प्रसंगी वळावे: जुने सॉफ्टवेअर चालू ठेवूनच नव्याने पान-पान बदलायचे असेल तेव्हा, आणि तेही स्थलांतर पुरे होईतोवर.

सरकारी कारभारात हाच प्रश्न निराळ्या अंगाने येतो, कारण तेथे काम करणारी पेढी निविदेगणिक बदलते आणि नागरिक तोच राहतो. ब्रिटनच्या सरकारने २०१८ मध्ये खुल्या केलेल्या आपल्या रचनापद्धतीत घटकांचा पाया कोणत्याही फ्रेमवर्कात न ठेवता साध्या एचटीएमएल, सीएसएस आणि थोड्या जावास्क्रिप्टमध्ये ठेवला. म्हणून तेथील खात्यांना आपापले साधन निवडण्याची मुभा राहूनही पाने एकसारखी दिसतात. आपल्याकडे सरकारी संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये प्रथम आली आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये. केंद्राच्या राष्ट्रीय ई-शासन विभागाने यूएक्स-फोर-जी नावाने सामाईक रचनापद्धतीही सिद्ध केली आहे. नगरकारभारात बंगळूरच्या ई-गव्हर्न्मेंट्स फाउंडेशनचा डिजिट हा मंच अनेक राज्यांत वापरात आला. नंदन निलेकणी आणि श्रीकांत नाधमुनी यांनी २००३ मध्ये स्थापिलेल्या या संस्थेने तो खुला ठेवला, पण त्याची दर्शनी बाजू रिॲक्टमध्ये आहे, आणि ज्या पेढीकडे अँग्युलरची माणसे आहेत तिला तेथील घटक उचलता येत नाहीत. सुरत महानगरपालिका गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांच्या शाळा चालविते. ज्या शहरात मुलाच्या प्रवेशाचा फॉर्म सात लोकसमूहांचे पालक भरू शकतात, तेथे नाव, जन्मतारीख आणि पत्ता यांचे खण एकदाच नीट विचार करून बांधले जावेत आणि पुढील प्रत्येक कंत्राटदाराला तेच वापरावयास लावावेत, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही. त्यासाठी निविदेत फ्रेमवर्काचे नाव घालण्याचे कारण नाही. घटकांची नावे, त्यांना द्यावयाची माहिती आणि त्यांच्याकडून येणाऱ्या घटना यांचा तपशील करारनाम्याला जोडावा, आणि तो पाळला गेला की नाही याची चाचणी बिल मंजूर करण्यापूर्वी व्हावी.

या सर्व धडपडीच्या पाठीमागे एक संथ प्रवाह चालू आहे, आणि लिहिणाऱ्यांचे त्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. जे घटक दहा वर्षांपूर्वी प्रत्येक फ्रेमवर्काला स्वतः बांधावे लागत, त्यांतले एकेक ब्राउझर आपल्याकडे घेत आहे. संवादचौकटीचा डायलॉग हा टॅग २०२२ च्या मार्चपासून सर्व प्रमुख ब्राउझरांत आहे. मेनू व सूचनापत्रांसाठीची पॉपओव्हरची सोय २०२४ च्या एप्रिलमध्ये फायरफॉक्समध्ये आल्यावर तीही सर्वत्र झाली. आणि वर्षानुवर्षे ज्या निवडसूचीला हवे ते रूप देता येत नाही म्हणून लोक तिची नक्कल जावास्क्रिप्टमध्ये रचत आले, तिला सजविण्याची मुभा क्रोमने २०२५ मध्ये दिली. जो घटक ब्राउझरचा झाला तो एकाच दिवशी सर्व फ्रेमवर्कांचा झाला, आणि त्यात कळफलकाची हालचाल, पडदावाचकाशी बोलणे, भाषेची दिशा या गोष्टी आपण न मागताही आलेल्या असतात. म्हणून नवा घटक लिहिण्यास बसण्यापूर्वी ब्राउझरमध्ये तो आहे काय हे पाहण्याची वहिवाट पेढीत पाडावी; नसेल तर त्यातील व्यवहाराचे ज्ञान साध्या जावास्क्रिप्टमध्ये वेगळे काढावे; आणि मग ज्या घटकाच्या पोटात इतर घटक नाहीत, जो झाडाच्या टोकाच्या पानासारखा आहे, म्हणजे रकमेचा खण, कॅरटचा खण, दिनांकाचा खण, तेवढाच वेब कंपोनंट करावा. सबंध चलनाचे पान, त्यातली मांडणी, कोणत्या गिऱ्हाइकाला काय दिसावे याचे निर्णय, हे त्या त्या फ्रेमवर्कातच राहू द्यावे. तेथे फ्रेमवर्कच उत्तम काम करतात, आणि त्या पातळीवर दोन गिऱ्हाइकांच्या गरजा तशाही सारख्या नसतात.

अशा टोकाच्या घटकांतही शॅडो डॉमचा उपयोग सर्वत्र करावा की नाही, याबद्दल मात्र आज सावधगिरीने वागावे लागेल. सजावटीच्या दृष्टीने ती हद्द वाटते तेवढी पक्की नाही: अक्षरवळण, रंग यांसारखे वारशाने उतरणारे गुण आणि सीएसएसमध्ये आपण जाहीर केलेली चले आत पोचतात, म्हणून गुजराती वा मराठी अक्षरवळण बाहेरून एकदाच ठरवून भागते, आणि मालकाच्या आवडीचा रंगही बाहेरून देता येतो. खरी उणीव दृष्टिहीनांच्या बाबतीत आहे. खणाचे नाव दुसऱ्या टॅगमध्ये असेल तर ते त्याच्या ओळखचिन्हाने खणाशी जोडावे लागते, आणि ही ओळखचिन्हे शॅडो डॉमची हद्द ओलांडीत नाहीत. मग पडदावाचक वापरणारा कारकून खणापाशी येतो तेव्हा त्याला मीटर हा शब्द ऐकू न येता नुसताच एक बेनामी खण ऐकू येतो. रेफरन्स-टार्गेट नावाची तजवीज ब्राउझरकर्त्यांपुढे विचाराधीन आहे आणि तिचे प्रयोगही चालू आहेत. ती सर्वत्र अमलात येईतो खण आणि त्याचे नाव दोन्ही एकाच हद्दीत ठेवावेत, किंवा अशा घटकात शॅडो डॉम मुळी वापरूच नये. कस्टम एलिमेंट त्याच्याविना उत्तम चालते. सजावटीचा थोडा गोंधळ सांभाळावा लागतो, आणि तो वर्गांच्या नावांना पेढीचा उपसर्ग लावून सांभाळता येतो.